बोलून जाणारा आणि ऐकून राहणारे

बार्देश तालुक्यातल्या एका निवृत्त शिक्षिकेचं पत्र आलं आहे. वय ६१. येत्या जूनमध्ये बारा जणांच्या गटाबरोबर काठमांडूहून ल्हासा आणि तिथून पुढे कैलास-मानसरोवर असा त्यांचा बेत आहे. पैसे भरून झालेत. ल्हासात पावलोपावली तपासणी असते, पासपोर्ट मागतात, फोन उघडायला लावतात, असं ऐकल्यापासून त्यांचे यजमान 'जाऊच नको' म्हणतात. बंगळूरला असलेला मुलगाही नको म्हणतो, पण त्याचं कारण वेगळं: तिथे पर्यटक म्हणून जाणं म्हणजे चिनी सत्तेखाली तिबेटमध्ये जे चाललंय त्याला मान तुकवणं. त्यात आणखी एक पेच. कळंगुटला दर हंगामात चांदीच्या दागिन्यांचं दुकान मांडणारी एक तिबेटी बाई गेली चौदा वर्षं त्यांच्या मागच्या खोलीत भाड्याने राहते. ती कर्नाटकातल्या मुंडगोडच्या तिबेटी वसाहतीतली, आता घरचीच झालेली. तिने एक पाकीट दिलंय. त्यात तिच्या दिवंगत आईचा फोटो, एक पत्र आणि खाताग, म्हणजे तिबेटी लोक देवाला किंवा वडीलधाऱ्यांना वाहतात ते पांढरं वस्त्र. ल्हासातल्या मावशीला ते पोचवायचं. मावशीचे फोन तीन वर्षांपूर्वी बंद झाले. ताई लिहितात, 'नाही म्हटलं तर मी भित्री ठरेन, हो म्हटलं तर रात्री झोप लागत नाही.'

ताई,

पाकिटापासून सुरुवात करते, कारण ते सुटलं की यजमानांचं आणि मुलाचं म्हणणं नीट ऐकता येईल. पाकीट नेऊ नका. फोटो नको, पत्र नको, खाताग नको, आणि मावशीचा पत्ता कागदावर किंवा फोनमध्येही नको. हे मी अगदी ठामपणे सांगते. बाकी गोष्टींत तुमचं मन काय म्हणतं ते बघू.

तुमच्या पत्रातल्या सगळ्या भीती तुमच्याबद्दलच्या आहेत. मला पकडतील का, पासपोर्ट काढून घेतील का, माझ्यामुळे गटाची यात्रा मोडेल का. भीती खोटी नाही. पण भारतीय पासपोर्टवरच्या एका साठीच्या यात्रेकरू बाईच्या बॅगेत असं पाकीट सापडलं, तर बहुधा ते जप्त होईल, चार तास प्रश्न विचारतील, फार तर परत पाठवतील. मनस्ताप होईल, पैसे बुडतील, पण पंधरा दिवसांत तुम्ही पुन्हा तुमच्या अंगणात असाल. त्या पाकिटावर नाव मात्र मावशीचं असेल. ती कुठेही जाणार नाही. ती त्याच गल्लीत राहील, आणि विदेशातून आलेलं पत्र तुला कोणी, कशासाठी पाठवलं, या प्रश्नाचं उत्तर तिला देत बसावं लागेल. बाहेर राहणाऱ्या नातेवाइकांशी संपर्क ठेवला म्हणून तिबेटमधल्या लोकांच्या चौकश्या झाल्या आहेत, काहींना अटकही झाली आहे. पत्रातला मजकूर साधा 'आई गेली, आम्ही बरे आहोत' एवढाच असेल, तरी त्याने फरक पडत नाही.

आम्हा गोंयकारांना हे कळायला लांब जायला नको. माझी आजी डिचोलीकडची. पोर्तुगीज अमदानीत लग्नपत्रिकासुद्धा छापण्याआधी सेन्सॉरला दाखवावी लागे, हे तिच्याकडूनच मी पहिल्यांदा ऐकलं. १९५३च्या चवथीला तिच्या घरी मुंबईहून एक दूरचा भाचा आला होता. तरुण, शिकलेला, उत्साही. आरतीनंतर सोप्यावर बसून तो मोठ्या आवाजात बोलला: गोवा आता फार दिवस असा राहत नाही, तुम्ही सगळे गप्प का, वगैरे. मनापासून बोलला असणार. तिसऱ्या दिवशी कॅसलरॉकची गाडी पकडून तो परत गेला. चौथ्या दिवशी आजोबांना चौकीवर बोलावणं आलं. त्यांना कोणी मारलं नाही. सकाळी बाकावर बसवायचे, दिवेलागणीला घरी सोडायचे. असं महिनाभर, आठवड्यातून दोनदा. आजी शेवटपर्यंत त्या भाच्याबद्दल वाईट बोलली नाही, पण एवढं म्हणायची, 'तो बोलून गेला, आम्ही ऐकून राहिलो.'

पुढच्याच वर्षी म्हापशात एका मेजवानीत डॉ. पुंडलिक गायतोंडे यांनी भर पंगतीत पोर्तुगीज सत्तेविरुद्ध निषेधाचा एक शब्द उच्चारला आणि त्यांना अटक करून पोर्तुगालला पाठवलं गेलं. तो त्यांचा स्वतःचा शब्द होता आणि किंमत त्यांनी स्वतः मोजली. म्हणून आपण त्यांचं नाव आदराने घेतो. तुम्ही पाकीट नेलंत तर धाडस तुमचं आणि किंमत मावशीची, असा हिशेब होईल. असं पाकीट नाकारणाऱ्या बाईला मी तरी भित्री म्हणणार नाही.

आता मावशीच्या फोनबद्दल. तुम्ही लिहिता, फोन 'बंद झाले'. कसे बंद झाले, हे तुमच्या मैत्रिणीला विचारलंत का? नंबर बदलला, की मावशीनेच एक दिवस 'आता करू नको' म्हटलं, की घंटा वाजत राहिली आणि कोणी उचलला नाही? कित्येक तिबेटी घरांत बाहेरच्यांशी बोलणं आतल्या माणसांनीच थांबवलं आहे, घरच्यांच्या जिवासाठी. तसं असेल तर तो न आलेला फोन हाच मावशीचा निरोप आहे आणि तो तीन वर्षांपूर्वीच पोचलाय. दारात अचानक एक गोव्याची बाई उभी राहिली, तर तिने स्वतः लावून घेतलेलं दार आपण बाहेरून ढकलल्यासारखं होईल.

मैत्रिणीला हे सांगायचं कसं, ही खरी अवघड गोष्ट. फोनवर नको आणि व्हॉट्सॲपवर तर नकोच. मे संपायच्या आत ती मुंडगोडला परतेल, त्याआधी एका संध्याकाळी निवांत बसा. पाकीट समोर ठेवा. 'नेत नाही' इथून सुरू करू नका. आधी तिला मावशीबद्दल बोलू द्या. मग विचारा, हे पाकीट तिथे कोणाच्या हाती लागलं तर मावशीचं काय होईल असं तुला वाटतं? माझा अंदाज, तिने हा विचार शंभर वेळा केलेला असणार आणि शंभर वेळा बाजूला सारला असणार. चौदा वर्षं आपल्या शेजारी राहिलेलं माणूस पहिल्यांदाच आपल्या आईच्या शहरात चाललंय, म्हटल्यावर हात पुढे होणारच. रडली तर रडू द्या. पाकीट तिच्या हातात परत द्या, तुमच्या कपाटात ठेवून घेऊ नका. नाहीतर निघायच्या आदल्या रात्री तुमचाच हात त्याच्याकडे जाईल.

आणि एक गोष्ट तुम्ही नक्की करू शकता. ल्हासात जोखांग हे त्यांचं सर्वांत पवित्र मंदिर, सातव्या शतकातलं. आतल्या शाक्यमुनी बुद्धांच्या मूर्तीच्या दर्शनासाठी तिबेटी माणसं शेकडो मैल लोटांगणं घालत येतात. बाहेरच्या बारखोरच्या प्रदक्षिणामार्गावर खाताग विकत मिळतं. तिथलंच एक घ्या, दर्शनाला जाणारे बाकीचे वाहतात तसं वाहा. मनात तिच्या आईचं नाव घ्या, तोंडाने कोणालाही काही सांगू नका, गाईडलासुद्धा नाही. मैत्रिणीला जायच्या आधीच सांगून ठेवा की हे करणार आहे. तिला ते पुरेसं वाटेल की नाही, हे मी इथे बसून सांगू शकत नाही, पण त्याने कोणाच्या केसालाही धक्का लागणार नाही.

आता यजमानांचं म्हणणं. त्यांची काळजी रास्त आहे, फक्त ती चुकीच्या जागी आहे. तुमच्या वयाच्या बाईला ल्हासातल्या पोलिसांपेक्षा तिथल्या हवेचा धोका जास्त. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३,६५० मीटरवर आहे, मानसरोवर ४,५९० मीटरच्या आसपास, आणि परिक्रमेतली डोल्मा ला खिंड ५,६०० मीटरच्याही वर. आपण समुद्राकाठची माणसं, चोर्ला घाट चढलो तरी कान बंद होतात. विमानाने उतरल्यावर पहिले दोन दिवस ल्हासात अगदी हळू चाला, जिने टाळा, पाणी पीत राहा, पहिल्या रात्री आंघोळ नको. हृदय, रक्तदाब, साखर सगळं डॉक्टरांना दाखवा आणि उंचीवरची गोळी त्यांच्याच सल्ल्याने घ्या. डोकं सतत ठणकत राहिलं, चालताना झोक जायला लागला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर लगेच खाली उतरायचं, मग कैलास कितीही जवळ असो. हे यजमानांना आत्ताच कबूल करा. एवढ्याने त्यांची निम्मी काळजी मिटेल.

सुरक्षेचं म्हणाल, तर तिथले नियम कडक असले तरी बहुतेक आधीच माहीत असतात, आणि माहीत असलेल्या नियमाची धास्ती कमी होते. तिबेटमध्ये विदेशी माणसाला एकट्याने हिंडता येत नाही. चीनच्या व्हिसाखेरीज तिबेटचा वेगळा परवाना लागतो आणि तो नोंदणीकृत एजन्सीच काढते. त्याशिवाय ल्हासाच्या विमानात बसू देत नाहीत. ल्हासाबाहेर कैलासाकडे जायला आणखी परवाने लागतात. काठमांडूहून जाणाऱ्यांना गटाचा एकत्र व्हिसा मिळतो. सगळ्यांची नावं एकाच कागदावर असतात, म्हणून सगळ्यांनी एकत्र आत जायचं आणि एकत्रच बाहेर यायचं. मधेच कोणाला एकट्याने परतावं लागलं तर मोठी धावपळ होते, तेव्हा तब्येतीमुळे कोणी मागे फिरलं तर काय करणार, हे एजन्सीकडून आत्ताच लेखी घ्या. तुमच्या बारा जणांत कोणाकडे पोर्तुगीज पासपोर्ट असेल (आपल्याकडे आता घराआड एक असतो), तर तेही आजच सांगा, ऐनवेळी काठमांडूत नको.

मुक्काम विदेशी पाहुण्यांना ठेवायची परवानगी असलेल्या हॉटेलातच होतो आणि तिथून तुमची नोंद पोलिसांकडे जाते. बारखोरला आत शिरताना ओळखपत्र दाखवावं लागतं आणि बॅग यंत्रातून जाते. लायटर, काडेपेटी आत नेऊ देत नाहीत. गेल्या दशकात तिबेटी लोकांनी निषेध म्हणून स्वतःला जाळून घेतलं, त्याची ही सावली आहे. तिथे लायटर काढून ठेवताना हे मनात असू द्या. पोताला राजवाड्याचं तिकीट नावानिशी, पासपोर्ट क्रमांकासह आणि ठरलेल्या वेळेचं असतं. आत साधारण तासभरच थांबता येतं. पाण्याची बाटली तपासणीत काढून घेतात. देवालयांत फोटो काढायचे नाहीत, आणि पोलीस, सैनिक, तपासणी नाके यांचे तर कुठेच काढायचे नाहीत. तिथली घड्याळं बीजिंगच्या वेळेवर, आपल्यापेक्षा अडीच तास पुढे चालतात. जूनमध्येही सूर्य सातच्या सुमारास उगवतो, तेव्हा पहाटेच्या पूजेला उठायचं म्हणून चारचा गजर लावू नका.

निघण्यापूर्वी तुमची पर्स आणि फोन घेऊन स्वतः बसा, मुलाला बसवू नका. पर्सचा आतला चेनचा कप्पा उलटा करा. मैत्रिणीने कधीतरी दिलेला दलाई लामांचा छोटा प्लास्टिकचा फोटो त्यात असू शकतो. चौदा वर्षांच्या शेजारात तो दिला गेला नसेल तरच नवल. तिथे त्या फोटोवर बंदी आहे. फोनमध्ये मुंडगोडच्या मठाचे, बोधगयेचे, धर्मशाळेचे फोटो असतील, मैत्रिणीचं नाव-नंबर, तिचे व्हॉइस मेसेज, मुलाने पाठवलेले तिबेटवरचे लेख. शक्य असेल तर हा फोन घरीच ठेवा आणि घरातला जुना फोन साफ करून न्या. व्हॉट्सॲप आणि गूगल तिथल्या नेटवर चालत नाहीत. घरच्यांशी कसं आणि किती दिवसांनी बोलणार, हे आधी ठरवा आणि यजमानांना सांगा की फोन आला नाही तर घाबरू नका. तिबेटवरची पुस्तकंही बॅगेत नकोत, तपासणीत ती काढून घेतल्याचे अनुभव आहेत.

गाईडबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण इथे भली माणसंच चुकतात. काहींना तो सरकारचा हेर वाटतो, काहींना जिवाभावाचा मित्र. तो परवान्यावर पोट भरणारा माणूस आहे आणि तुमच्या गटात जे काही होईल त्याचा जाब त्याला द्यावा लागतो. 'इथे खरंच कसं आहे हो?' हा प्रश्न तुम्ही मायेने विचाराल, पण त्याला त्याचं सुरक्षित असं एकही उत्तर नाही. खरं सांगितलं तर धोका, पढवलेलं सांगितलं तर तुमच्या नजरेतून उतरणार. विचारू नका. सातू भाजून त्याचं पीठ कसं करतात, लोण्याचा खारट चहा कसा घुसळतात, त्याच्या गावाकडे पेरणी कधी होते, हे विचारा. तुम्ही शिक्षिका होतात, मुलांच्या शाळेबद्दल तोंडावर प्रश्न येईलच. तो गिळा, कारण तिथे भाषेचा आणि शाळेचा प्रश्न हाच सर्वांत नाजूक आहे. तो आपणहून काही बोलला तर ऐका, मान हलवा, आणि ते ना गटात सांगा ना परतल्यावर त्याच्या नावाने कुठे लिहा.

मुलाचं म्हणणं मात्र मला झटकून टाकता येत नाही. १० मार्च १९५९ला ल्हासात चिनी सत्तेविरुद्ध उठाव झाला, त्याच महिन्यात दलाई लामा तिथून निघाले आणि त्यांच्यामागून हजारो लोक आले. त्यांतल्याच काहींची १९६६ साली मुंडगोडला वसाहत झाली आणि तुमच्या मागच्या खोलीपर्यंत ती गोष्ट येऊन पोचली. आजही मार्चच्या सुमारास विदेशी लोकांना तिबेट साधारणपणे बंद असतं. सागा दावा या तिबेटी बौद्ध सणाच्या पौर्णिमेला, म्हणजे मे-जूनच्या आसपास, बंदोबस्त आणखी वाढतो, ती तारीख तुमच्या सहलीशी ताडून बघा. तर हे सगळं माहीत असताना आपण तिकीट काढून तिथले सोन्याचे कळस बघायचे का? मुलाचा प्रश्न प्रामाणिक आहे. पण तो धरून चालतो की न गेल्याने तिथल्या माणसांना बळ मिळतं. मला तसं दिसत नाही. खुद्द दलाई लामांनी विदेशी लोकांना तिबेटला जा, डोळ्यांनी बघा, असं अनेकदा सांगितलं आहे. कोणी जाणारंच नसेल तर बघणारंही कोणी उरत नाही. ल्हासात एकेकाळी भारताची वकिलात होती, १९६२ साली ती बंद झाली. आज तिथे आपलं म्हणावं असं कोणी नाही, अडचण आली तर मदत बीजिंगच्या दूतावासातूनच. अशा शहरात एक जुनी शिक्षिका डोळे उघडे ठेवून फिरते, यात मला मान तुकवणं दिसत नाही. पैसे कोणाच्या हाती जातात ते तेवढं बघा. मोठ्या दुकानातल्या शोभेच्या वस्तूंपेक्षा जोखांगच्या मागच्या गल्लीतल्या तिबेटी चहाघरात बसा, म्हातारीकडून लोण्याचे दिवे घ्या.

आणि तुम्हाला ओढ फक्त कैलासाची असेल, ल्हासा केवळ वाटेत येतंय म्हणून असेल, तर दुसरी वाटही आहे. आपल्या परराष्ट्र मंत्रालयाची यात्रा २०२०पासून थांबली होती, ती २०२५मध्ये पुन्हा सुरू झाली. त्या वर्षी लिपुलेखमार्गे ५० जणांचे ५ गट आणि नाथू लामार्गे ५० जणांचे १० गट ठरले होते. तिला भारतीय पासपोर्ट लागतो, वैद्यकीय तपासणी कडक असते, नावं सोडतीने निघतात, आणि ती ल्हासाला जात नाही. पण तुमचं पत्र वाचून मला वाटतं, तुम्हाला ल्हासाच बघायचंय. चौदा वर्षं ज्या शहराच्या गोष्टी ऐकल्या ते बघावंसं वाटणारच, त्यात संकोच कसला.

असे प्रश्न विचारणारे तुम्ही एकट्या नाही. जेरुसलेमला जाणाऱ्या आपल्या ख्रिस्ती शेजाऱ्यांनाही विमानतळावर तासभर प्रश्न विचारले जातात आणि बेथलेहेमला जाताना नाका ओलांडावा लागतो. त्यांनाही माझं हेच सांगणं: कोणाचंही पार्सल घेऊ नका, उत्तरं खरी आणि थोडक्यात द्या, पासपोर्टच्या प्रती घरी ठेवा, मंत्रालयाची सूचना निघण्याच्या आठवड्यात पुन्हा वाचा, परवाने अचानक रद्द झाले तर पैसे किती परत मिळतील ते आधी विचारा, आणि विमा घेताना आजारी माणसाला तिथून बाहेर काढायचा खर्च त्यात आहे ना, ते बघा. तुमच्या विम्यात ५,००० मीटरच्या वरची उंची बसते का, हे वेगळं विचारा. बऱ्याच पॉलिसींत बसत नाही.

परत आल्यावर फेसबुकवर फोटो टाकाल, तेव्हा पोताला टाका, सरोवर टाका. ज्यांत तिबेटी माणसांचे चेहरे ओळखू येतात ते स्वतःजवळच राहू द्या, आणि चहा पाजणाऱ्या म्हातारीचा तर काढूच नका. वही तिथे लिहू नका, काठमांडूला परतलात की हॉटेलात बसून आठवेल ते सगळं उतरवा. बारखोरला किती पावलांत फेरी झाली, लोण्याच्या दिव्यांचा वास कसा होता, पहाटे धूप कुठे जळत होता, बायकांच्या कमरेच्या पट्टेदार वस्त्रांचे रंग, पाऊस पडून गेल्यावर डोंगर कुठल्या बाजूला दिसले. ऑक्टोबरात ती कळंगुटच्या दुकानासाठी परत येईल, मागच्या खोलीचं दार उघडेल, सामान लावेल. तिला हात-पाय धुऊ द्या, चहा ठेवा, वही काढा आणि जोखांगच्या दारापुढच्या फरशीपासून सुरू करा. लोटांगणं घालून घालून ते दगड गुळगुळीत झालेत म्हणतात. हात लावून बघा आणि तिला सांगा, कसे लागतात ते.